कॅमेऱ्याचा व्हिसा

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायला हरकत आहे की नाही हे मला माहीत नाही. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनाही माहीत नव्हतं, पण माहीत नसताना सगळ्यांनी "नको लिहू" असंच सांगितलं. तेव्हा एवढंच सांगते की तिथे थंडी फार पडते, नावाच्या शेवटी 'स्तान' येतं आणि आपल्या भागातली बरीच मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात. आमच्या सासूबाई शकुनबाई त्याला "राखीचं गाव" म्हणतात. सध्या मला तेच नाव सगळ्यात सुरक्षित वाटतं.

राखी म्हणजे तुमसरच्या चंद्रकुमारकाकाजींची मुलगी. काकाजींची राइस मिल आहे आणि आमच्या घराशी जुना घरोबा. राखी डॉक्टर झाली, पदवीदानाची तारीख ठरली आणि काकाजी पेढे घेऊन आमच्या वरठीच्या घरी आले. बॉक्स सासूबाईंच्या हाती दिला, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "बेटा, राखी घरून निघाली तवाचे फोटो तूच काढले होते. आता डिग्रीचे बी तूच काढायचे. चाल आमच्यासंगं. तिकीट माझ्याकडून."

तिथे फोटोग्राफर मिळत नाहीत का, असं बाहेरचा माणूस विचारेल. आमच्याकडे कोणी विचारणार नाही. कार्य कुठेही असो, फोटोवाला घरचाच न्यायचा असतो. वरात पार बालाघाटला गेली तरी बँड तिकडचा चालतो, आचारी तिकडचा चालतो, फोटोवाला मात्र आपला. परक्या फोटोवाल्याला कोणती मावशी रुसली आहे ते कळत नाही, आणि तो तिला मधोमध उभी करत नाही. मग अल्बम पुढची वीस वर्षं भांडत राहतो.

आता माझं सांगते. लग्नाआधीपासून मी फोटो काढते. लग्नं, डोहाळजेवणं, बारशी. गुड्डी झाल्यापासून कॅमेरा कपाटात आहे. म्हणजे रोज बाहेर निघतो, पण गुड्डीसाठीच. गुड्डी जेवताना, गुड्डी न जेवताना, गुड्डी वाटी उलटी करून तिच्याकडे नवलानं बघताना. लोक भेटले की विचारतात, "सोडलं वाटते आता काम?" मी म्हणते, "नाही हो, सुरूच आहे." मग ते गुड्डीकडे बघतात आणि समजूतदारपणे मान हलवतात. त्या मान हलवण्याची मला फार भीती वाटते. ती थांबवायची तर हे काम मिळायलाच हवं होतं. म्हणून काकाजींचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी "येते" म्हणाले आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

निकेश स्टील प्लँटमध्ये आहे. भला माणूस आहे. म्हणाला, "जा ना तू. गुड्डीले मी पाहून घेईन." आणि लगेच, "तिचे कपडे कोठी असतात पण?"

बातमी शेजारी गेली. शेजारच्या सत्यवतीकाकूंचा मुलगा आखातात वेल्डर होता, त्यामुळे भारत सोडून सगळे देश काकूंच्या अखत्यारीत येतात. काकू कुंपणापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "कॅमेरा नेऊन राहिली? आमच्या पोट्ट्यानं तिकडं निस्ता एक पूल काढला होता मोबाइलमंधी. धरून नेला ना."

"पुलाचा फोटो काढला म्हणून?"

"हो ना बाई. म्हणे, हा पूल कायले काढला? आता पुलाचं काय सांगाव? चांगला दिसला म्हून काढला."

त्या दिवसापासून निकेश कामावरून आला की मोबाइलवर कायदे वाचायला बसू लागला. सरकारी इमारत नाही. विमानतळ नाही. पूल नाही. रेल्वे नाही. पोलीस नाही, सैनिक नाही, सीमेजवळचं काहीच नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं की हे सगळं आता चालतं. दुसऱ्या ठिकाणी होतं की चालत होतं, पण कायदा बदलला. तिसऱ्या ठिकाणी होतं की असा कायदा कधी नव्हताच, तरीपण काढू नये. ही तिसरी जात मला काही केल्या समजेना. कायदा नाही आणि तरी गुन्हा आहे, असं कसं? सासूबाईंना मात्र पटकन समजलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "सासरी असंच रायते."

काकाजींना तर ड्रोनही हवा होता. राखी गाऊन घालून मधोमध उभी आहे आणि कॅमेरा वरून खाली येतो, धानाच्या ढिगावर कावळा उतरतो तसा. ड्रोनवर तिथे कायदा आहे, नाही असं कोणीच म्हणत नव्हतं. मी काकाजींना तसं सांगितलं. "मंग थोडासाच उडवजो," ते म्हणाले.

मी ठरवलं की आपण सवय करायची. वाईट सवय आधी घरी मोडावी, मग बाहेर जावं. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या माहेरी बपेऱ्याला जाणं झालं. मध्य प्रदेशची हद्द तिथून जवळच. म्हटलं, सीमा आहे, नदी आहे, पूल आहे, सरावाला अशी जागा मिळायची नाही. कॅमेरा गळ्यात घालून पुलावर उभी राहिले आणि काहीही काढलं नाही. फार छान जमत होतं. तेवढ्यात नाक्यावरचे एक पोलीसदादा आले. मी मनातल्या मनात पासपोर्ट, वकील सगळं आठवू लागले. ते म्हणाले, "मॅडम, आमचा एक काढा ना. मागं पूल येऊ द्या."

"नाही जी," मी म्हणाले, "मी वर्दीतल्या माणसांचे काढत नाही."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "काहून? आमी काय चोर आहो?"

परतीच्या वाटेवर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. ते पोलीसदादा त्यांच्या माहेरच्या भाऊबंदांपैकी निघाले होते.

व्हिसाचं काम भंडाऱ्याच्या मनिषकडे दिलं. मनिषच्या दुकानाच्या काचेवर एका बाजूला आयफेल टॉवर आहे आणि दुसऱ्या बाजूला 'आधार दुरुस्ती करून मिळेल'. काकाजी आणि राखीची आई गोदावरीकाकी यांचा अर्ज त्यानं चहा येईपर्यंत भरूनही टाकला. मग माझा घेतला. नाव झालं, नवऱ्याचं नाव झालं, गुड्डीचं मनिषचा स्टॅम्प पॅड चाटून झालं.

"व्यवसाय, ताई?"

"फोटोग्राफर."

तापलेल्या तव्यावरून उचलावीत तशी मनिषनं बोटं उचलली. "हे नाही लिवाचं, ताई. फोटोग्राफर लिवलं का ते म्हणतात, कामासाठी येऊन राहिली. टुरिस्ट व्हिसावर काम केलं तर गुन्हा. पत्रकार समजले तर त्याच्याहून मोठा गुन्हा. आपण गृहिणी लिवू."

"पण मी फोटोग्राफर आहे."

"आहा ना. कोण नाही म्हणते? पण गृहिणीले कोणी काही विचारत नाही, ताई. पूर्ण दुनियेत."

हे वाक्य तो सहज बोलून गेला आणि त्यानं माझी समजूतच घातली असं त्याला वाटलं. मी विचारलं, "आणि कॅमेरा?"

"छंद."

"तीन लेन्स आहेत."

"मोठा छंद."

त्यानं छापलेला कागद घेऊन मी घरी आले. सही बाकी होती. व्यवसायापुढे 'गृहिणी' असं काळ्या शाईत बसलं होतं, पाय पसरून. यात खोटं काय आहे, असं मी स्वतःला दहादा विचारलं. घर माझंच आहे, दिवसभर त्यातच असते. पण तो कागद बघितला की मला ती हलणारी मान दिसे. शिवाय निकेशनं शोधून काढलं की अर्जात खोटं लिहिणं हाही गुन्हाच. म्हणजे खरं लिहिलं तर येऊ देणार नाहीत आणि खोटं लिहिलं तर जाऊ देणार नाहीत. सत्यवतीकाकूंनी मधला मार्ग सुचवला. "अर्धं लिव ना," त्या म्हणाल्या. अर्धं म्हणजे कोणतं अर्धं, हे त्यांनी सांगितलं नाही.

सही करावी की न करावी या घोळात असतानाच चौकात फ्लेक्स लागला.

आमचे भाऊजी, म्हणजे निकेशचा धाकटा भाऊ भुपेंद्र, फ्लेक्स छापतात. आमच्याकडे माणूस दहावी पास झाला तरी फ्लेक्स लागतो, ट्रॅक्टर घेतला तरी लागतो. मग घरातली वहिनी परदेशी निघालेली असताना भाऊजींनी गप्प बसावं ही अपेक्षाच चूक होती. 'आंतरराष्ट्रीय छायाचित्रकार सौ. रुचिकाताई यांची परदेश दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधे मी, डोळ्याला कॅमेरा लावलेली. परदेश वाटावा म्हणून भाऊजींनी माझ्यामागे जे जे टाकलं होतं ते असं: एक विमान, एक झुलता पूल आणि संचलन करणारे सैनिक. निकेशनं वाचलेली सगळी मनाई एका फ्लेक्सवर, सहा बाय दहा. खाली शुभेच्छुकांत गुड्डीचा झबल्यातला फोटो, आणि 'सौजन्य: प्रसिद्ध उद्योगपती चंद्रकुमारजी'.

दुपारी मनिषचा फोन. "ताई, तुमचा फ्लेक्स माझ्या मोबाइलवर आला. दिल्लीचे वकिलातवाले नेटवर नाव टाकून पाहतात ना. याच्यात गृहिणी कोठी हाये?"

मी फोन भाऊजींकडे दिला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "नावाच्या अगोदर 'सौ.' लिवलं आहे ना दादा. नीट पाहा."

फ्लेक्स उतरवा म्हटलं तर सासूबाई आडव्या आल्या. लागलेला फ्लेक्स कार्य व्हायच्या आधी उतरवत नाहीत म्हणे. हा नियम फ्लेक्स निघाल्यानंतर कधीतरी झाला असणार, पण त्यांनी तो पूर्वजांकडून मिळाल्यासारखा सांगितला. आणि खरं सांगू? मलाही तो उतरवायचा नव्हता. दूध आणायला गेले तर डेअरीवाला म्हणाला, "सोडलं नाही म्हणा तुमी काम." फार दिवसांनी कोणीतरी मान सरळ ठेवून बोललं.

मी मनिषला फोन केला. "फोटोग्राफर लिहा."

"नाकारलं तर, ताई?"

"तर नाकारलं."

हे मी फार धीरानं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर गुड्डीला घेऊन बराच वेळ नुसती बसले. तिनं माझ्या तोंडात एक चुरमुरा घातला.

तिकडे राखीनं धावपळ करून विद्यापीठाचं पत्र मिळवलं. त्यात लिहिलं होतं की या बाईंना सभागृहात, जमिनीवर आखून दिलेल्या चौकोनातून फोटो काढायला परवानगी आहे. कॅमेरा चौकोनाबाहेर नेऊ नये. इमारत काढू नये, फाटक काढू नये. काकाजी हळहळले. "मंग कॉलेज कोणतं हे लोकायले कसं समजन?" माझा अर्ज त्या पत्रासकट, टुरिस्टऐवजी वेगळ्या प्रकारात गेला. त्याशिवाय कॅमेरा माझाच आहे असं एक प्रमाणपत्रही काढावं लागणार होतं, परत येताना तो तिकडे विकत घेतला असं कोणाला वाटू नये म्हणून. गुड्डीसाठी असं काही लागत नाही याचं मला बरं वाटलं.

निकाल लागला तो असा. माझा व्हिसा आला. काकाजी आणि काकींचा नाकारला.

कारण सांगत नाहीत. सरकार परक्या देशाचं असलं तरी शेवटी सरकारच. मनिषनं दोघांच्या व्यवसायापुढे सवयीनं 'शेतकरी' लिहिलं होतं, तुमसरात सगळे तसंच लिहितात म्हणून. आणि फ्लेक्सवर 'प्रसिद्ध उद्योगपती'. त्यामुळे झालं की आणखी कशामुळे, कोणालाच कळलं नाही. पण त्या दिवसापासून भाऊजी तुमसरला जायचं झालं तर मिलसमोरचा रस्ता टाळू लागले.

मी काकींकडे गेले. मुलीची आई इथे, वडील इथे, आणि फोटोवाली निघाली परदेशी. गोदावरीकाकी पाट मांडत होत्या. म्हणाल्या, "तू तर जा बाई. आपलं कोणी तरी पायजे ना तिथं."

निघताना गुड्डी रडली नाही. तिनं कॅमेऱ्याच्या बॅगेला टाटा केला. रडायचं काम मी केलं.

तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पत्र वाचलं, कॅमेरा पाहिला, मला पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. त्या न विचारण्यानं मी इतकी घाबरले की आपणहून सगळं सांगत सुटले: पूल काढणार नाही, रेल्वे काढणार नाही, मुलगी सासूबाईंकडे आहे, ती फक्त वरणभात खाते. त्यानं घाईनं शिक्का मारला. बहुधा मला थांबवण्यासाठी. टॅक्सीतून जाताना मोठा पूल आला तेव्हा मी लेन्सला झाकण लावलं आणि आपलेही डोळे मिटून घेतले. त्या शहराचं मला काय आठवतं म्हणाल, तर फार काही नाही.

सभागृहात शिरताना सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. मला माझा चौकोन दाखवला. मी त्यात उभी राहिले आणि खूप दिवसांनी हात आपोआप चालू लागले. पोरी हसत होत्या, बाप डोळे पुसत होते, मी काढत होते. तिथली पद्धत अशी, की नाव पुकारलं की आई-वडील स्टेजवर येतात आणि ती चौकोनी टोपी तेच लेकराच्या डोक्यावर ठेवतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

राखीचं नाव पुकारलं. ती स्टेजच्या मधोमध आली. टोपी धरलेल्या बाईंनी पालकांच्या रांगेकडे पाहिलं. दोन खुर्च्या रिकाम्या, पाठीवर काकाजी-काकींची नावं चिकटवलेली. राखी खाली बघू लागली. बाईंनी पुन्हा नाव पुकारलं.

माझ्या डोळ्याला कॅमेरा होता. चौकट नेमकी लागली होती. एवढ्यासाठी तर मी आले होते.

मी कॅमेरा चौकोनात खाली ठेवला आणि स्टेजवर गेले. पत्रात कॅमेरा बाहेर नेऊ नये असं होतं, माझ्याबद्दल काही लिहिलं नव्हतं. टोपी मी तिरपीच ठेवली. राखीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि "ताई" एवढंच म्हणाली.

परतल्यावर मी तुमसरला गेले, तिथे काकाजींनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. बसलेली राखी, उठलेली राखी, टोपी घातलेली राखी.

"आन टोपी घालतानाचा?"

"तो नाही काकाजी."

"काहून?"

"घालत मीच होते."

काकाजींनी फोटो पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतले. एवढ्या लांब घरचा फोटोग्राफर पाठवला आणि मोक्याचा फोटो नाही, हे ते तुमसरात कोणाला सांगणार होते? मला जमिनीत जावंसं वाटलं. काकी मात्र जवळ येऊन बसल्या. "लय रडली का?" त्यांनी विचारलं. "हो," मी म्हणाले. "कशी, ते सांग." मी सांगितलं. मग पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा काकींनी मला उभं करून स्वतः राखी होऊन पाहिलं, आणि मिलचे हमाल दारात थांबून बघत राहिले.

त्यांना द्यायचा एक फोटो माझ्याकडे बाकी होता, एवढं मला कळलं.

म्हणून राखी यायची त्या दिवशी आम्ही सगळे तुमसर रोड स्टेशनवर हजर. लग्नात हार नीट पडला नाही तर मी बिनदिक्कत म्हणते, "एकदा पुन्हा घाला." मिठीला असं म्हणता येत नाही, ती एकदाच होते. गाडी आली. राखी उतरली. काकी चालत गेल्या, मग चालणं विसरून नुसत्याच गेल्या. राखीनं पिशव्या सोडून दिल्या. काकाजी दोघींच्या बाहेरून हात घालायला बघत होते आणि त्यांना जागा मिळत नव्हती. मी काढला. पाहिलं. आला होता, पूर्ण.

"मॅडम."

वर बघितलं तर रेल्वेचा जवान. "प्लॅटफॉर्मवर असं शूटिंग करता येत नाही. व्यवसायाचं असन तर परवानगी लागते. परवानगी आहे?"

भाऊजी छाती काढून पुढे आले. "ओळखलं नाही का साहेब? ह्या आंतरराष्ट्रीय..." निकेशनं त्यांचा पाय असा दाबला की पुढचा शब्द आतच राहिला.

"फोटोग्राफर आहा काय?" जवानानं मला विचारलं. "तर मंग डिलीट करा लागन."

सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई, निकेश, काकाजी. दोघी तशाच, एकमेकींच्या गळ्यात. मी निकेशच्या कडेवरची गुड्डी ओढून माझ्या कमरेवर घेतली.

"नाही जी," मी म्हणाले, "गृहिणी."

त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. "एवढा मोठा?"

"लेकराचे फोटो काढते ना."

गुड्डीनं त्याच्या शिट्टीची दोरी धरली होती आणि सोडत नव्हती. त्यानं ती हळूच सोडवून घेतली, मायलेकींकडे एकदा बघितलं आणि समजूतदारपणे मान हलवली. "ठीक आहे, ताई. लवकर निघा."

तो वळून चार पावलं गेला. मी गुड्डी निकेशकडे दिली आणि आणखी एक काढला.